चाळीस लाखांची टाकी

भाव एका दमात मान्य झाला आणि तिथंच दगाभाऊंचा चेहरा उतरला. बाकीचे सगळे टाळ्या पिटत होते. भिरूड नानांनी तर उभं राहून चारी दिशांना हात जोडले, जसा काही त्यांचाच सत्कार चालला होता. पण दगाभाऊ पडले केळीच्या दलालीतले, तेही तीस वर्षं. गिऱ्हाईक कुरकुर न करता हो म्हणालं की ते आधी नोटा उजेडाला धरून बघतात.

विकायला काढली होती ती कॉलनीची पाणीयोजना. महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लागणाऱ्या आमच्या शहराबाहेर, लोधीपुऱ्याच्या पुढे, जिथं केळीचे मळे सुरू होतात, तिथं श्रमसाफल्य कॉलनी आहे. बासष्ट घरं. निम्मी कागद मिलमधून रिटायर झालेल्या महाराष्ट्रातल्या मंडळींची, निम्मी इथल्याच व्यापाऱ्यांची आणि मास्तरांची. शहराचे नळ कॉलनीच्या अलीकडंच संपतात. म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी पांडुरंग भिरूड, म्हणजे सगळ्यांचे नाना, मिलमधून व्हीआरएस घेऊन आले आणि हात रिकामे राहिले म्हणून वर्गणी काढून विहीर खणून बसले. मग टाकी, मोटर, नळ. नाना मिलमध्ये स्टोअरकीपर होते. स्टोअरकीपरला दोन खोडी असतात: काही फेकायचं नाही आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची. या दोन खोडींवर योजना चालली. महिन्याला एकशेवीस रुपये, सकाळी सहाला पाणी, तक्रार शून्य. ती आतून कशी चालते हे फक्त नानांना माहीत होतं आणि थोडंसं त्यांच्या बायकोला, अलकाबाईंना. कॉलनीत विचारलं तर लोक सांगायचे, "आमची योजना? जर्मन आहे जर्मन." जर्मन कुठून आलं कुणास ठाऊक. नानांनी कधी नाही म्हटलं नाही, एवढं मात्र खरं.

यंदा 'निर्झर वॉटर' नावाच्या एका कंपनीनं आसपासच्या अशा छोट्या योजना विकत घ्यायचा सपाटा लावला. आमच्याकडं आला तो ललित. निळा शर्ट, गळ्यात पट्टा, मूळचा तुकईथडचा, त्यामुळं मराठी बोलणारा. "काकाजी, तुमची योजना द्या. आम्ही चोवीस घंटे पाणी देऊ. फक्त एक मूल्यांकन अहवाल बनवून द्या."

अहवाल म्हटल्यावर नानांना स्फुरण चढलं. एकोणीस वर्षांच्या नोंदी होत्याच. पण त्या म्हणजे नुसत्या "मोटर पाच एचपी, अमुक साली जळाली, भरून आणली", अशा. असं लिहून कोण किंमत देणार? तेव्हा शेजारच्या चारुलता टीचर मदतीला धावल्या. टीचर हिंदी शिकवून रिटायर झालेल्या, आणि चौतीस वर्षं पोरांचे निबंध तपासून त्यांच्याजवळ विशेषणांचा भलामोठा साठा पडून होता.

"नाना, आकडा मी एकही बदलणार नाही," टीचर म्हणाल्या. "पण 'मोटर अकरा वेळा जळाली' हे काय लिहिणं झालं? 'मोटर ग्यारह बार नवजीवन प्राप्त.' कसं वाटतं?"

नानांना फार छान वाटलं. त्यांनी मनातल्या मनात ते दोनदा म्हटलंसुद्धा. चौऱ्याऐंशी पानं झाली. खाली सही: पांडुरंग भिरूड, योजनाकार एवं अध्यक्ष. योजनाकार हा शब्द टीचरनीच सुचवला होता, पण तो पाहिल्यावर नाना जरा ताठ बसले.

आता भाव. नानांच्या हिशेबानं सात लाख. दगाभाऊ म्हणाले, "बारा पाहिजे असतील तर चाळीस सांगायचे भो. तो दहा म्हणेल, तू पस्तीस म्हण, घासाघीस करत करत बाराला या. भाव असाच ठरतो." आणि भाव ठरवायची त्यांची रीत म्हणजे वडिलांची, बैलबाजारातली. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, वर गमछा टाकायचा आणि आत बोटं दाबायची. कॉलनीच्या सभेत सगळ्यांसमोर त्यांनी ललितचा हात धरला, गमछा टाकला आणि चार बोटं दाबली.

ललितला बोटांची भाषा ठाऊक नव्हती. त्याला वाटलं काका प्रेमानं हात धरून बसलेत. तोही धरून बसला. दोन मिनिटं झाली, पाच झाली. शेवटी दगाभाऊ वैतागून मोठ्यांदा म्हणाले, "अरे चाळीस म्हणतोय! चाळीस लाख!" ललितनं दुसऱ्या हातानं फोन काढला, साहेबांना विचारलं आणि म्हणाला, "ठीक आहे काका. चाळीस."

दगाभाऊंनी गमछा काढला तो घाम पुसायलाच. "नाना," ते हळूच म्हणाले, "काहीतरी घोळ आहे. याचा हातसुद्धा ओला झाला नाही." पण नानांना काही ऐकू येत नव्हतं. एकोणीस वर्षं जे पोटच्या पोरासारखं सांभाळलं, त्याची दुनियेनं चाळीस लाख किंमत केली होती. कुणीतरी बुधवारा बाजारातून मावा जलेबी आणली आणि डायबिटीसवाल्यांनीही त्या दिवशी दोन-दोन हाणल्या.

कंपनीचा इंजिनीअर नंतर पाहणीला आला. दहा मिनिटं. त्यातली आठ त्यानं अलकाबाईंचे पोहे खाल्ले. सही करून गेला.

पैसा आला तसा वाटला गेला. घरटी पन्नास हजार. कुणी सोफा घेतला, कुणी एसी. उरलेल्या नऊ लाखांची कॉलनीच्या तोंडाशी दगडी कमान उभी राहिली. तिच्यावर नाव कोणाचं, यावर दोन सभा झाल्या आणि शेवटी नानांचंच कोरलं गेलं. नाना रोज दूध आणायला त्या बाजूनं जाऊ लागले. डेअरी दुसऱ्या बाजूला होती, ही गोष्ट वेगळी.

तीन महिन्यांनी बिल आलं. पाचशे चाळीस रुपये.

ज्या गावाला मोगलांच्या काळापासून जमिनीखालून जोडलेल्या कुंड्यांतून, म्हणजे विहिरींतून, फुकट पाणी येत आलं, तिथली माणसं पाण्याच्या बिलाला आधी हसतात आणि मग भडकतात. कॉलनी हसण्याची पायरी चुकवून थेट भडकली. "एकशेवीसचे पाचशे चाळीस? पाणी तेच, विहीर तीच!" आणि पाणी तेच असतं तरी चाललं असतं. ते आता सहाऐवजी कधी आठला यायचं, कधी दहाला.

नानांनी बिल फिरवून पाहिलं. मागं बारीक अक्षरांत एक ओळ होती: संपादन मूल्य की वसूली. त्यांनी इंदूरला लेकीला, वैशालीला फोन लावला. ती सीए आहे.

"बाबा, सिंपल आहे ना," वैशाली म्हणाली. "कंपनीनं तुमची योजना चाळीस लाखाला घेतली. ते चाळीस लाख प्लस मुनाफा ती बिलातून काढणार. म्हणजे तुमच्याकडूनच. जितकी महाग खरेदी, तितकं मोठं बिल. मग ती भाव कशाला पाडेल?"

 दगाभाऊ शेजारीच होते, स्पीकर चालू होता.  ते म्हणाले, "मी तीस वर्षं केळी विकली. माल विकला की ट्रक दिल्लीला जातो. पुढं कोण खातं, काय भावानं खातं, आपल्याला काय त्याचं? हा ट्रक मात्र चौकातून वळून आपल्याच दारात उभा राहिला. जेवढा चढवला तेवढा भाव आता आपल्यालाच खायचाय."

"पण एक रस्ता आहे," वैशाली फोनवरून म्हणाली. "भोपाळला पाणीदर आयोग आहे. त्यांचा रूल आहे, योजनेची जी खरी किंमत असेल तेवढीच गिऱ्हाइकांकडून वसूल करायची. कंपनीनं वरचे पैसे उधळले असतील तर ते तिचे तिनं सोसायचे. आक्षेप दाखल करा. फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त योजना चाळीस लाखांची नव्हती, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. म्हणजे बाबा, तुमच्या अहवालाच्या विरुद्ध."

असा तो पेच होता. कॉलनीचं बिल उतरवायचं तर नानांनी चारचौघांत, शपथेवर, आपली योजना भंगार होती असं सांगायचं. नाही सांगितलं तर बासष्ट घरांनी जन्मभर पाचशे चाळीस भरायचे. त्यात एक घर मथुराबाईंचं. मथुराबाई एकट्या, विधवा पेन्शन आणि पापड लाटून मिळतील तेवढ्यात भागवणाऱ्या. त्या आल्या आणि काही भांडल्याबिंडल्या नाहीत. "नाना, माझा नळ बंद करून द्या," एवढंच म्हणाल्या. "मी दोन हंडे शेजारून आणत जाईन." नानांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आक्षेप दाखल करणं म्हणजे वेगळंच लग्न होतं. अर्ज आयोगाकडं जायचा तो कंपनीच्या ऑफिसातूनच, आणि तिथल्या बाबूनं सांगितलं, आक्षेप फक्त ग्राहकाचा घेतला जाईल. ग्राहक कोण? ज्याला ग्राहक क्रमांक आहे तो. क्रमांक कधी मिळतो? पहिलं बिल भरल्यावर. आणि भरलेल्या बिलाच्या पावतीवर छापलेलं: ग्राहक को दर स्वीकार है.

"म्हणजे दर मान्य केल्यावरच दर मान्य नाही म्हणता येतं?" नानांनी विचारलं.

"हां जी," बाबू म्हणाला. त्याला यात काही वावगं दिसलं नाही.

कॉलनीनं ठराव केलेला, कुणीच बिल भरायचं नाही. त्यामुळं ग्राहक क्रमांक कुणाकडंच नव्हता. दोन दिवस नाना फायली घेऊन हेलपाटे घालत होते. तिसऱ्या दिवशी मथुराबाई पदराखालून एक पावती काढून उभ्या राहिल्या, चोरी पकडल्यासारखा चेहरा करून. "मी भरलं हो नाना. बिल आलं त्याच दिवशी. आजवर कुणाचं बिल घरात ठेवून झोपले नाही मी, डोळा लागत नाही." ठराव मोडला म्हणून चारजणी त्यांना बोलणार होत्या, तेवढ्यात नानांनी ती पावती कपाळाला लावली. आणि पावतीवरच्या त्या छापील ओळीचं वैशालीनं फोनवर सांगितलं, अशा ओळीनं आयोगाचा रूल मोडत नाही, बिनधास्त लावा. अर्ज गेला: आक्षेपकर्ता, श्रीमती मथुराबाई. साक्षीदार, पांडुरंग भिरूड. तीन प्रती, प्रतिज्ञापत्र आणि पासपोर्ट फोटो, ज्यात मथुराबाईंनी डोळे मिटलेत.

मग तयारी. सल्ला द्यायला कॉलनी कधीच मागं नव्हती, पण यावेळचा सल्ला नानांच्या काळजाला घरं पाडणारा होता. एकोणीस वर्षांत ज्यांनी चकार शब्द काढला नव्हता, ते आता रांगेनं येऊन तक्रारी लिहवून घेऊ लागले. "नाना, अमुक दिवाळीला पाण्याला गंजाचा वास होता, लिहा." "नाना, आमच्याकडं तिसऱ्या मजल्यावर धार कधी चढलीच नाही, आम्ही मोठ्या मनानं गप्प बसलो, लिहा." बँकेतून रिटायर झालेल्या एकांनी तर त्यांची उजळणी घेतली. "असं नाही नाना. चेहऱ्यावर जरा शरम आणा. आणि 'तशी बरी होती' हे शब्द तोंडातून येता कामा नयेत."

"तशी बरीच होती हो," नाना कळवळून म्हणाले.

"बघा, परत!"

नानांना आणखी एक धास्ती होती, ती त्यांनी अलकाबाईंना तेवढी सांगितली. अहवाल आपल्या सहीचा. आता शपथेवर उलटं बोललो तर खोटा अहवाल दिला म्हणून आत टाकणार नाहीत ना? अलकाबाई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "मग सुनावणीला जाताना डबा दोन वेळचा देऊ का?" त्या थट्टा करत होत्या की खरंच विचारत होत्या, हे नानांना चाळीस वर्षांच्या संसारात कधी ओळखता आलेलं नाही. डबा मात्र जड लागला.

सुनावणी भोपाळला नाही, आपल्याच शहरातल्या एका सरकारी हॉलमध्ये. सगळी कॉलनी रिक्षा करून आली. समोर आयोगाच्या अध्यक्ष मॅडम, केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर. एका बाजूला कंपनीचे वकील आणि ललित. दुसऱ्या बाजूला मथुराबाई, धुवट नऊवारीत, हात जोडूनच बसलेल्या. बोलणं सगळं हिंदीत चाललं होतं, पण आपण आपल्या सोयीनं ऐकू.

वकिलांनी चौऱ्याऐंशी पानांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "मॅडम, योजना भंगार होती असं आता साक्षीदार म्हणतात. हा त्यांचाच अहवाल. भिरूडजी, ही सही तुमची?"

"माझीच."

"पान नऊ. 'मोटर ग्यारह बार नवजीवन प्राप्त.' हे खरं की खोटं?"

नानांनी घसा खाकरला. मागं कॉलनी श्वास रोखून बसली होती. "खरं आहे साहेब," ते म्हणाले. "अकरा वेळा जळाली. अकरा वेळा भरून आणली."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"पान तेवीस," वकील जरा चाचरत म्हणाले. "पाइपलाइन. 'औद्योगिक विरासत की अमूल्य धरोहर.'"

"मिलच्या भंगाराच्या लिलावातले पाइप आहेत. त्यांतून आधी वाफ जायची. मी किलोवर घेतले."

"पान एकतीस. टाकी. 'चारों ओर बारहमासी हरियाली!'" इथं वकिलांचा आवाज चढला होता.

"गळते ना साहेब. चारी बाजूंनी गळते. म्हणून गवत."

आता हसू फुटलं. पहिल्या दोन उत्तरांना नाना मान खाली घालून होते, पण एकोणीस वर्षं पोटात ठेवलेलं एकदा बाहेर यायला लागलं की थांबत नाही. वकिलांनी पुढचं पान काढायच्या आत ते स्वतःच म्हणाले, "पान सदतीस बघा साहेब. मेन व्हॉल्व्ह. 'पारिवारिक स्नेह के बंधन में.' त्याचं चाक तुटलंय. मंडळींच्या परकराच्या नाडीनं आवळून ठेवलाय. दर सहा महिन्यांनी नवी लागते."

कॉलनीतल्या तमाम बायकांनी वळून अलकाबाईंकडं पाहिलं. अलकाबाई छताचा पंखा बघत होत्या.

"म्हणजे तुम्ही खोटा अहवाल दिला," वकील ओरडले. "ही फसवणूक आहे!"

 नानांचा हात आपसूक डब्याच्या पिशवीकडं गेला. पण मॅडमनी गठ्ठा ओढून घेतला होता आणि त्या एकेक पान उलटत होत्या. चांगली पाच मिनिटं. "आकडे सगळे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "खरेदीचं साल, पाइपांचं वजन, अकरा वेळचा दुरुस्तीखर्च, सगळं. मोटर नवीन आहे असं कुठंही लिहिलेलं नाही. वकीलसाहेब, विशेषणांवर गुन्हा दाखल होत नाही. तुमच्या माणसानं खरेदीआधी हे वाचलं नव्हतं?"

वकिलांनी ललितकडं पाहिलं. ललित म्हणाला, "मॅडम, वाचलं होतं. भाषा बहुत सुंदर होती."

चारुलता टीचर मागं बसल्या जागी लाजल्या.

प्रकरण जिंकल्यातच जमा होतं. पण आक्षेपकर्त्या मथुराबाई इतका वेळ नानांकडं बघत होत्या. आपल्या चार पैशांसाठी हा माणूस सगळ्या गावासमोर स्वतःची चामडी सोलून ठेवतोय, लोक हसतायत, आणि तो हसणाऱ्यांकडं बघून कसनुसं हसतोय. त्यांना ते सहन होईना. त्या उठून उभ्या राहिल्या. "मॅडम, हे खोटं बोलून राहिले!"

बँकवाल्यांनी कपाळावर हात मारला. "मावशी, खाली बसा!"

"नाही बसत! एकोणीस वर्षं, मॅडम, एक दिवस नळ कोरडा गेला नाही. आमचे हे गेले तेव्हा घरात पन्नास माणूस. पाण्याची वेळ नव्हती. मी कुणाला काही बोलले नाही, आणि नळाला पाणी आलं. तिसऱ्याला आलं, दहाव्याला आलं. असं भंगार असतं का? माझं बिल राहू द्या पाचशे चाळीस. पण यांना असं हसू नका हो!" आणि त्या तोंडाला पदर लावून रडू लागल्या.

वकिलांचा चेहरा उजळला. "मॅडम, आक्षेपकर्ती स्वतः मान्य करते. एकोणीस वर्षांत एकदाही पाणी चुकलं नाही. अशा योजनेला चाळीस लाख जास्त कसे?"

गेलं सगळं, असं दगाभाऊ पुटपुटले. कॉलनीतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. आणि मॅडमनी नानांना विचारलं, "मोटर जळकी, पाइप भंगारातले, टाकी गळकी, व्हॉल्व्ह नाडीनं बांधलेला. मग रोज पाणी यायचं कसं?"

नाना डब्याच्या पिशवीची गाठ सोडू-बांधू लागले. खरं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःला कधी दिलं नव्हतं. उत्तर अलकाबाईंनी दिलं, बसल्या जागेवरून.

"हे साडेचारला उठतात, मॅडम. टाकी गळते म्हणून रात्री भरून ठेवता येत नाही, पहाटे भरावी लागते. मग व्हॉल्व्ह सोडतात, पाइपाला कान लावून बसतात. कुठं फुटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून येतात, लोकांच्या आंघोळीच्या आत. एकोणीस वर्षांत आम्ही कुठल्या लग्नाला मुक्कामी गेलो नाही. पोरीच्या बाळंतपणाला मी एकटी गेले. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. लोकांना वाटायला हवं ना, योजना चांगली आहे."

हॉलमध्ये मघाचं हसू कुठं गेलं कळलं नाही.

"याचा पगार किती घ्यायचे?" मॅडमनी विचारलं.

"त्याचा कसला पगार, मॅडम," नाना गोंधळून म्हणाले. "अध्यक्ष होतो ना मी."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं आणि सुनावणी संपल्याचं सांगितलं. परतीच्या रिक्षात मथुराबाई "माझ्यामुळं बिघडलं" म्हणून सारख्या डोळे पुसत होत्या आणि नाना त्यांना म्हणत होते, "जाऊ द्या हो मथुराबाई, डबा खाऊ या." डबा खरोखर दोन वेळचा निघाला. चौघांना पुरला.

दीड महिन्यानं आदेश आला. अठरा पानं, आयोगाचा शिक्का. कमानीखाली सतरंजी टाकून सगळी कॉलनी जमली आणि चारुलता टीचरनी मोठ्यानं वाचायला घेतलं. योजनेची खरी किंमत सहा लाख ऐंशी हजार. त्यावरची रक्कम कंपनीनं आपल्या अकलेच्या खात्यावर टाकावी, असं आयोगानं म्हटलं नव्हतं, पण अर्थ तोच होता. दर महिन्याला एकशे सत्तर. मथुराबाईंचे जास्तीचे पैसे परत. पाणी सकाळी सहाला, उशीर झाला तर कंपनीला दंड.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. दगाभाऊंनी कुणाला तरी जलेबीला पिटाळलं. "थांबा, थांबा," टीचर म्हणाल्या, "परिच्छेद चौदा राहिला." आणि त्या वाचू लागल्या, पण आवाज मघासारखा खणखणीत लागेना. त्यात लिहिलं होतं की, सदर योजनेतून एकोणीस वर्षं जे अखंड पाणी मिळालं, ते यंत्रसामग्रीमुळं मिळालं असं दिसत नाही. ते श्री. पांडुरंग भिरूड यांच्यामुळं मिळालं. परंतु विक्रीच्या करारात श्री. भिरूड यांचा समावेश नाही; कंपनीनं त्यांना विकत घेतलेलं नाही. सबब त्यांची किंमत योजनेच्या किमतीत धरता येत नाही.

मथुराबाईंना हे काही पटलं नाही. त्या चिडूनच म्हणाल्या, "म्हणजे नानांची किंमत धरलीच नाही? असा कसा न्याय?"

"बरं झालं नाही धरली, मावशी," टीचर कागद खाली ठेवत म्हणाल्या. "धरली असती तर बिल आपल्या कुणालाच परवडलं नसतं."

नानांनी चष्मा काढला आणि ते सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडले. काय करायला पाहिजे याचा सल्ला, कॉलनी वसल्यापासून पहिल्यांदाच, कुणी दिला नाही. अलकाबाई तेवढ्या उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.